चामड्याचा अहवाल कोणत्या दिवसाचा?

क्रोमने कमावलेल्या चामड्याच्या एका किलोत साधारण सत्तावीस हजार मिलिग्रॅम क्रोमियम असते. क्रोमियम ऑक्साइडचे प्रमाण ४ टक्के धरले, जे अगदी नेहमीचे आहे, तर हिशेब एवढाच येतो. त्याच किलोभर चामड्यात युरोपच्या कायद्याला जे क्रोमियम चालत नाही, त्याची मर्यादा आहे ३ मिलिग्रॅम. मूलद्रव्य तेच, तुकडाही तोच. फरक फक्त अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले एवढ्याचा. नऊ हजार अणूंपैकी एकाने तीन इलेक्ट्रॉन जास्तीचे गमावले, की तो बूट, तो हातमोजा, तो घड्याळाचा पट्टा विकता येत नाही.

हा आकडा मोजणे हे प्रयोगशाळेचे काम. पण तो कधी मोजायचा, कशाचा मोजायचा आणि अहवालात कसा लिहायचा, हे प्रश्न नुसते केमिस्टवर सोडून देण्यासारखे नाहीत. माझे म्हणणे असे, की चामड्यातल्या विषारी मूलद्रव्यांचे अहवाल खोटे नसतानाही वापरणाऱ्याच्या फारसे उपयोगाचे नसतात. ते बोलतात माल प्रयोगशाळेत आला त्या दिवसाबद्दल. चामडे मात्र पुढे पाच-दहा वर्षे माणसाच्या अंगाला लागून राहणार असते. त्या काळात त्याचे काय होऊ शकते, हे मोजायला कायद्याने भाग पाडले पाहिजे.

आधी क्रोमियमला त्याचे श्रेय देऊ. कच्चे कातडे पाण्यात तापवले तर साठ-पासष्ट अंशांच्या आसपास आकसून गोळा होते. क्रोमियमने कमावलेले चामडे उकळत्या पाण्यातही आपला आकार सोडत नाही. तीन संयुजा असलेले क्रोमियम, म्हणजे क्रोमियम-३, कातडीतल्या कोलॅजेन या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना घट्ट बांधते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिडरिश क्नाप यांनी १८५८ मध्ये ही कल्पना मांडली, ऑगस्टस शुल्ट्झ यांनी १८८४ मध्ये अमेरिकेत दोन टप्प्यांच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि १८९३ मध्ये मार्टिन डेनिस यांनी ते काम एकाच टप्प्यात आणले. झाडाच्या सालीत आठवडेच्या आठवडे बुडवून ठेवण्याचे काम एका दिवसावर आले. मऊ, हलके, कोणताही रंग धरणारे चामडे स्वस्तात मिळू लागले. आज जगातल्या चामड्याचा मोठा वाटा याच पद्धतीने तयार होतो. टॅनरीत, म्हणजे चामडे कमावण्याच्या कारखान्यात, त्याला ‘वेट ब्लू’ म्हणतात, कारण ड्रममधून बाहेर येते तेव्हा ते ओले आणि निळसर असते.

क्रोमियम-३ त्वचेतून फारसे आत जात नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या वर्गीकरणात ते तिसऱ्या गटात आहे, म्हणजे ते माणसात कर्करोग घडवते असे म्हणायला आधार नाही. सहा संयुजा असलेले क्रोमियम-६, म्हणजे ज्याला ३ मिलिग्रॅमची मर्यादा आहे ते, पहिल्या गटात आहे. श्वासावाटे गेल्यास त्याने फुप्फुसाचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे. चामड्याच्या वस्तूंबाबत मात्र मुख्य चिंता कर्करोगाची नसून ॲलर्जीची आहे. क्रोमियम-६ त्वचेत सहज उतरते, आत गेल्यावर क्रोमियम-३ मध्ये बदलते आणि तिथल्या प्रथिनांना चिकटते. शरीर त्या जोडगोळीला परके समजू लागते. एकदा ही ॲलर्जी जडली की ती सहसा जात नाही. मग पायाला, मनगटाला, तळहाताला इसब येत राहते आणि बिचारा रुग्ण साबण बदलून पाहतो, मोजे बदलून पाहतो.

ही ॲलर्जी किती गंभीरपणे घ्यायची, याचे उत्तर डेन्मार्कने दिले आहे. तिथे पूर्वी क्रोम-ॲलर्जीचा मुख्य स्रोत सिमेंट होता. गवंडीकाम करणाऱ्यांचे हात फुटायचे. १९८०च्या दशकात सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळणे सक्तीचे झाले. त्यामुळे विद्राव्य क्रोमियम-६ चे क्षपण होऊन, म्हणजे ते क्रोमियम-३ मध्ये बदलून, निरुपद्रवी होते. रुग्णसंख्या उतरली. काही वर्षांनी ती पुन्हा चढू लागली, आणि या वेळी रुग्ण बांधकामावरचे नव्हते. २००९ मध्ये तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी ही वाढ चामड्याच्या वापरामुळे होत असल्याचे प्रसिद्ध केले. त्यात पादत्राणे आघाडीवर होती. पुढे २०१२ मध्ये डेन्मार्कनेच युरोपीय संघापुढे निर्बंधाचा प्रस्ताव ठेवला आणि १ मे २०१५ पासून ‘रीच’ या रसायनांच्या युरोपीय नियमावलीखाली त्वचेला लागणाऱ्या चामड्यासाठी, कोरड्या वजनावर मोजलेली, ३ मिलिग्रॅमची मर्यादा लागू झाली. हा आकडा कसा आला? सुरक्षित पातळी शोधून तो ठरवलेला नाही. तेव्हाच्या मान्य पद्धतीने खात्रीने मोजता येणारे सर्वांत कमी प्रमाण तेवढे होते. आधीच ॲलर्जी असलेल्या माणसाला त्याहून कमी पुरत असेल, तर हा आकडा त्याला वाचवणार नाही.

आता प्रयोगशाळेत जाऊ. आयएसओ १७०७५ ही त्यासाठीची आंतरराष्ट्रीय प्रमाण पद्धत. चामड्याचे बारीक तुकडे करून साधारण २ ग्रॅम नमुना चंबूत घेतात. त्यावर १०० मिलिलिटर फॉस्फेट बफर, म्हणजे सामू (पीएच) स्थिर ठेवणारे द्रावण, ओततात. त्याचा सामू ८ असतो, आणि ओतण्याआधी आरगॉन किंवा नायट्रोजन सोडून त्यातला ऑक्सिजन हाकलून दिलेला असतो. चंबू बंद करून हलवणी यंत्रावर तीन तास ठेवायचा, मग गाळायचा. गाळलेल्या द्रावात आम्ल आणि डायफिनाइलकार्बाझाइड घातले की क्रोमियम-६ असल्यास जांभळट गुलाबी रंग येतो, आणि ५४० नॅनोमीटरवर त्या रंगाची गडदता मोजून प्रमाण काढतात.

इतके वाचून हे काम सोपे वाटेल. प्रत्यक्षात प्रत्येक पायरीवर मोजायची गोष्ट हातात बदलत असते. सामू ८ का? कमी ठेवला तर चामड्यातलेच सेंद्रिय पदार्थ क्रोमियम-६ चे क्षपण करून टाकतील, निकाल खाली येईल. फार वर नेला तर क्रोमियम-३ चे ऑक्सिडीकरण होऊन जे नव्हते ते तयार होईल. ऑक्सिजन काढायचा तोही याच भीतीने. नमुना दळताना यंत्र तापले तरी आकडा हलू शकतो. दमट हवेत राहिलेल्या तुकड्यात क्रोमियम-६ कमी भरते, कोरड्या हवेतल्या तुकड्यात जास्त. शिसे तुम्ही कुठेही, कधीही मोजा, ते तेवढेच राहते. क्रोमियम-६ तसे नाही. म्हणूनच त्याचा खात्रीचा, टिकाऊ संदर्भ-नमुना बनवणेही अवघड असते, कारण कपाटात ठेवलेला नमुनाच मूल्य बदलतो.

वर रंगांची कटकट. काळ्या किंवा तपकिरी चामड्याचा अर्क निघतो तोच चहासारखा. त्यात जांभळट छटा शोधायची कशी? चामड्याचा रंगच ५४० नॅनोमीटरवर प्रकाश शोषत असेल तर यंत्र तोही क्रोमियम-६ च्या खात्यावर टाकते. अर्क विशेष काडतुसातून गाळून रंग काढता येतो, पण तो पूर्ण निघतोच असे नाही. म्हणून २०१७ मध्ये या प्रमाण पद्धतीचे दोन भाग झाले: पहिला रंगमापनाचा, दुसरा क्रोमॅटोग्राफीचा. दुसऱ्यात आधी घटक वेगळे होतात आणि मग मोजले जातात, त्यामुळे गडद चामड्यासाठी तोच विश्वासाचा. तरी कोणत्या भागाने मोजले हे न लिहिता नुसते ‘आयएसओ १७०७५’ असे छापलेले अहवाल सर्रास फिरतात, आणि खरेदीदारही तेवढ्यावर मान डोलावतो.

पण माझा मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे. चामडे कमावण्यासाठी वापरतात ते क्रोमियम सल्फेट सहसा स्वच्छ क्रोमियम-३ चे असते. क्रोमियम-६ नंतर जन्माला येते. चामडे मऊ राहावे म्हणून त्याला तेले देतात, त्याला टॅनरीच्या भाषेत ‘फॅटलिकर’ म्हणतात. माशाच्या तेलासारखी असंतृप्त तेले हवेत हळूहळू खवट होतात. त्या वेळी तयार होणारे पेरॉक्साइड आणि मुक्त मूलके क्रोमियम-३ ला ऑक्सिडीकरणाच्या दिशेने ढकलतात. रंगवण्याआधी चामड्याचा सामू गरजेपेक्षा वर नेला असेल तर हा रस्ता आणखी मोकळा होतो. भर घालायला ऊन, उष्णता, कोरडी हवा आहेच. बूट बनवताना गोंद वाळवायच्या भट्टीतून माल जातो. मग जहाजावरच्या लोखंडी कंटेनरमध्ये आठवडेच्या आठवडे तापतो. मग दुकानाच्या काचेमागे दिव्याखाली बसतो. टॅनरीतून निघताना घेतलेल्या नमुन्यात काहीही सापडले नाही, हे शंभर टक्के खरे असू शकते. दोन महिन्यांनी त्याच चामड्याच्या बुटात ५ मिलिग्रॅम निघाले, हेही तितकेच खरे. दोन्ही प्रयोगशाळा प्रामाणिक आणि दोन्ही अहवालांवर शिक्के.

यावर उपाय शोधण्याचीही गरज नाही, तो तयार आहे. आयएसओ १०१९५ या प्रमाणानुसार नमुना २४ तास ८० अंश सेल्सियसला, जवळजवळ कोरड्या हवेत ठेवतात आणि मगच क्रोमियम-६ मोजतात. याला ‘एजिंग’ म्हणतात. चामड्याला मुद्दाम म्हातारे करायचे आणि मग विचारायचे, आता बोल. ज्याच्या तेलात, सामूमध्ये, धुण्यात खोट आहे ते चामडे या एका दिवसात उघडे पडते. अनेक मोठे ब्रँड आपल्या पुरवठादारांकडून एजिंगनंतरचाच आकडा मागतात. कायदा मात्र तो मागत नाही. ‘रीच’च्या त्या कलमात मर्यादा आहे, पण नमुना आधी जुना करून घ्या असे म्हटलेले नाही. परिणामी ज्याच्याकडे मोठा ग्राहक आहे त्याचा माल कडक परीक्षेतून जातो, आणि कुणीच विचारत नाही अशा बिनब्रँडच्या स्वस्त मालाला, जो सर्वांत जास्त तपासायला हवा त्यालाच, सोपा पेपर मिळतो. एजिंगनंतरची चाचणी कायद्याने सक्तीची करावी, ही माझी पहिली मागणी.

याविरुद्ध जे बोलले जाते त्यात तथ्य आहे, ते टाळून चालणार नाही. ८० अंशांत कोणी बूट घालत नाही. ही अवस्था कृत्रिम आहे आणि तिच्यात निघालेला आकडा म्हणजे वापरातला आकडा नव्हे, असे टॅनरीवाले म्हणतात. बरोबर आहे. एजिंगनंतर ४ मिलिग्रॅम निघाले म्हणजे तीन वर्षांनी ४ मिलिग्रॅमच असतील, असे कोणीच म्हणू शकत नाही. पण कार भिंतीवर आदळवून तपासतात तेव्हाही तिचा मालक ती रोज भिंतीवर आदळेल असे कोणी गृहीत धरत नाही. चाचणी कठोर असते ती सवय मोजायला नव्हे, कमकुवत जागा शोधायला. शिवाय कंटेनरमधले तापमान साठ अंशांच्या घरात जाते, त्यामुळे ८० ही काही परग्रहावरची गोष्ट नाही.

दुसरा आक्षेप लहान टॅनरींचा. चाचण्या वाढल्या की खर्च वाढतो, आणि मोठ्या कारखान्याला तो जाणवतही नाही, छोट्याला जीव नकोसा करतो. हा आक्षेप मला जास्त जड वाटतो. पण एजिंगला लागते काय? तापमान धरणारी एक साधी भट्टी आणि एक दिवस. महाग असते ते पुढचे मोजमाप, आणि ते आजही करावेच लागते. खरी बचत प्रत्येक लॉट तपासण्यात नसून कृती एकदा नीट बसवण्यात आहे. माशाच्या तेलाऐवजी स्थिर तेल, रंगवण्याआधीच्या सामूवर लक्ष, आणि शेवटी थोडे वनस्पतिज टॅनिन. हिरडा, बाभूळ, मिमोसा यांतली टॅनिने स्वतः ऑक्सिडीकृत होऊन क्रोमियमला वाचवतात, हे आता चांगले माहीत आहे. ज्याची कृती एजिंगमध्ये पुनःपुन्हा टिकते त्याच्या चाचण्या विरळ कराव्यात आणि जो वारंवार घसरतो त्याच्या वाढवाव्यात. सगळ्यांना एकच वारंवारता लावणे हा आळस आहे.

आजच्या नियमातून एक पळवाटही निघते. मोजणीच्या आधी चामड्यावर ॲस्कॉर्बिक आम्लासारखे क्षपणकारक फवारले, की त्या दिवशीचे क्रोमियम-६ नाहीसे होते आणि अहवाल स्वच्छ येतो. फवारलेले रसायन एकदा खर्च झाले की संपले. तेलाचे खवट होणे मात्र चालूच राहते. अशी डागडुजी आणि खरी दुरुस्ती यांतला फरक ताज्या नमुन्याच्या चाचणीला कळत नाही. एजिंगला तो कळण्याची शक्यता बरीच जास्त आहे.

क्रोमियमच्या गोंगाटात बाकीची मूलद्रव्ये झाकली जातात. तिथे प्रश्न काळाचा नाही, ‘एकूण किती’ आणि ‘सुटते किती’ यांतल्या फरकाचा आहे. आयएसओ १७०७२ चे दोन भाग नेमके हेच वेगळे करतात. पहिल्या भागात चामडे कृत्रिम घामात, म्हणजे मीठ, फॉस्फेट आणि हिस्टिडीन यांच्या किंचित आम्लधर्मी द्रावणात, ३७ अंशांना ठेवतात आणि त्यात उतरलेले धातू मोजतात. दुसऱ्या भागात चामडे तीव्र आम्लात पूर्ण विरघळवून जे असेल नसेल ते सगळे मोजतात. दोन्ही आकडे खरे, पण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. चामड्याच्या लेपात भर म्हणून बेरियम सल्फेट असेल तर एकूण बेरियमचा आकडा पाहून छातीत धडकी भरेल. तेच बेरियम सल्फेट आतड्याचा एक्स-रे काढताना रुग्णाला पाजतात, कारण ते विरघळतच नाही. पांढऱ्या चामड्यातल्या टायटॅनियमचेही तसेच. उलट कोबाल्ट एकूण थोडे असूनही घामात सुटले तर त्रास देते. काही गडद रंगद्रव्ये कोबाल्टच्या संयुगांची असतात. २०१३ मध्ये डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी एका रुग्णाच्या जुनाट त्वचादाहाचे मूळ त्याच्या चामडी सोफ्यातल्या कोबाल्टपर्यंत नेले. कोबाल्टसाठी त्याआधी कोणी चामड्याकडे फारसे वळूनही पाहत नव्हते.

म्हणून ‘या पर्सच्या चामड्यात अमुक इतके जड धातू सापडले’ अशी बातमी दिसली की मी प्रथम शोधतो तो शब्द: एकूण, की घामात सुटलेले? तो शब्द नसेल तर ती बातमी वाचून घाबरायचे कारण नाही आणि निश्चिंत व्हायचेही नाही. शिशाबाबत मात्र मी एकूण मोजण्याच्याच बाजूचा आहे. लहान मूल पट्टा चावते, चोखते, त्याचा तुकडा गिळते; घामाचे द्रावण तिथे काय सांगणार? अमेरिकेने मुलांच्या वस्तूंसाठी २०११ पासून एकूण शिशाची मर्यादा १०० पीपीएम, म्हणजे किलोमागे १०० मिलिग्रॅम, ठेवली, ती या दृष्टीने योग्यच आहे. युरोपातील खेळण्यांच्या नियमात क्रोमियम-६ साठीची एक मर्यादा २०१९ पासून किलोमागे ०.०५३ मिलिग्रॅम झाली आहे. बुटाच्या ३ च्या शेजारी हा आकडा पाहून गोंधळ होतो, पण पद्धत वेगळी, प्रश्न वेगळा. मूल चोखते ते आणि पाय घासतो तो, एकाच फूटपट्टीने मोजता येत नाहीत.

यंत्रे जितकी संवेदनशील, तितक्या त्यांच्या लहरी. आयसीपी-एमएस हे आज सूक्ष्म मूलद्रव्ये मोजण्याचे सर्वांत धारदार साधन. आरगॉनच्या हजारो अंश तापलेल्या प्लाझ्मात नमुन्याचे आयन होतात आणि वस्तुमानानुसार मोजले जातात. कातडे टिकवायला मीठ लावलेले असते. त्या मिठातले क्लोरीन प्लाझ्मातल्या आरगॉनशी जुळले की त्या जोडीचे वस्तुमान होते ७५. आर्सेनिकचेही वस्तुमान ७५. यंत्राला दोघांत फरक कळत नाही, आणि ज्या कातड्याला आर्सेनिक कधी शिवले नाही त्यात ते ‘सापडते’. कार्बनचेही असेच, आम्लात चामडे पूर्ण विरघळले नाही तर उरलेला कार्बन आरगॉनशी जुळून ५२ वर येतो, जी नेमकी क्रोमियमची जागा आहे. हेलियम वायूची टक्कर-कोठडी, जिच्यात असे जोड अडवले जातात, ती वापरून हे भास दूर करता येतात आणि जाणती माणसे ते करतात. पण या साधनात पाठांतराने काम करणाऱ्याच्या हातून निघालेला आकडा दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत छापलेला असला म्हणून खरा ठरत नाही. क्ष-किरणांनी मूलद्रव्ये ओळखणारे, हातात धरून चालवायचे एक्सआरएफ यंत्र दुसऱ्या टोकाचे: ते क्षणात शिसे, कोबाल्ट, क्रोमियम दाखवते, चाळणी म्हणून उत्तम आहे, पण क्रोमियम-३ आणि ६ यांत त्याला काडीचा फरक कळत नाही. त्याच्या भरवशावर कोणी ‘विषारी क्रोमियम सापडले’ म्हणत असेल तर हसून सोडून द्यावे.

‘क्रोम-फ्री’ या शिक्क्याबद्दल थोडक्यात. चामड्याच्या परिभाषेच्या युरोपीय प्रमाणात, ईएन १५९८७ मध्ये, क्रोमविरहित कमावणीच्या चामड्यात एकूण क्रोमियम कोरड्या वजनाच्या ०.१ टक्क्यापर्यंत चालते, म्हणजे किलोमागे १००० मिलिग्रॅम. ज्याला ॲलर्जी आहे त्याने हे जाणून घेतलेले बरे. आणि क्रोम टाळले म्हणजे सगळेच टाळले असेही नाही. ॲल्युमिनियम, झिर्कोनियम, टायटॅनियम यांनीही कमावता येते.

शिवाय नमुना कशाचा, हा प्रश्न उरतोच. एकाच कातड्यात पाठीचा भाग घट्ट आणि पोटाचा सैल. रसायन दोन्हीत सारखे मुरत नाही. म्हणून कातड्यावर नमुना कुठून कापायचा याचेही आयएसओ २४१८ हे प्रमाण आहे. पण तयार बुटात ते कातडे ओळखूच येत नाही. वरचे चामडे एका टॅनरीचे, अस्तर दुसऱ्या, तळाची पट्टी तिसऱ्या. पायाला सर्वांत जास्त वेळ चिकटून असते ते अस्तर आणि आतला तळ. दिसायला देखणे वरचे चामडे मोज्याच्या पलीकडे असते. सगळे भाग एकत्र दळून एकच आकडा काढला तर एका खराब अस्तराचे ६ मिलिग्रॅम बाकीच्या स्वच्छ चामड्यात मिसळून २ होतात आणि बूट पास होतो. प्रत्येक भाग वेगळा तपासावा, पैसे कमी असतील तर आधी त्वचेला लागणारा, हे समजायला प्रयोगशाळेची पायरी चढावी लागत नाही.

आता अहवालाची भाषा. ‘आढळले नाही’ हे दोन शब्द मी कायद्याने एकटे छापू देणार नाही. कोणत्या मर्यादेखाली आढळले नाही? ज्या यंत्राला १० मिलिग्रॅमच्या खाली काही दिसतच नाही त्यालाही काही आढळत नाही. त्यासोबत पद्धतीचा भाग, एजिंग झाले की नाही, नमुना कोणत्या भागाचा, कोरड्या वजनावर हिशेब की जसा आला तसा, आणि आकड्याची अनिश्चितता एवढे असले पाहिजे. मर्यादेच्या काठावर अनिश्चिततेला फार महत्त्व येते: एका प्रयोगशाळेने २.७ दिले आणि दुसरीने ३.४, तर त्यात कोणाचीही चूक नसू शकते. अशा वेळी संशयाचा फायदा कोणाला द्यायचा हे नियमात आधीच लिहिलेले असावे. माझ्या मते तो वापरणाऱ्याला द्यावा, कारण ॲलर्जी परत फिरत नाही आणि चामड्याचा लॉट पुन्हा तपासता येतो.

सर्वांत नाजूक दुवा मात्र नमुना निवडणारा हात. विकणारा स्वतः तुकडा निवडून पाठवतो आणि अहवालावर बारीक अक्षरात छापलेले असते, की निकाल फक्त मिळालेल्या नमुन्यापुरता आहे. प्रयोगशाळेची त्यात काही लबाडी नाही. तिच्या टेबलावर जे आले तेच ती मोजणार. म्हणून पुरवठादाराच्या चाचण्यांच्या बरोबरीने दुकानातून उचललेल्या वस्तूंची तपासणी हवी आणि तिचे निकाल उघड हवेत. युरोपात ‘सेफ्टी गेट’ या नावाने धोकादायक वस्तूंच्या सूचना दर आठवड्याला प्रसिद्ध होतात, आणि त्यांत क्रोमियम-६ असलेले हातमोजे, बूट, पट्टे आजही येत असतात. म्हणजे बंदीला दहा वर्षे उलटल्यावरही हे सापडतेच आहे, आणि ते सापडते कारण कोणीतरी दुकानात जाऊन शोधते.

अशी यादी उघड असली तरी तिच्यात एक गोष्ट दिसत नाही: नापास झालेला लॉट पुढे कुठे गेला. जिथे मर्यादा नाही अशा बाजारात तो कमी भावात जाऊ शकतो आणि तिथल्या माणसाची त्वचा काही वेगळ्या प्रथिनांची नसते. माल अजून क्रस्ट अवस्थेत, म्हणजे वाळलेला पण वरचा लेप न दिलेला, असेल तर तो पुन्हा ड्रममध्ये घालून, धुऊन, टॅनिन देऊन सुधारताही येतो. तसे केले असेल तर दुसऱ्या अहवालावर पहिल्या, नापास अहवालाचा क्रमांक आणि तारीख छापणे सक्तीचे करावे, आणि खरेदीदाराला दोन्ही मागण्याचा हक्क असावा. तेवढी नोंद ठेवायला कोणतेही नवे यंत्र घ्यावे लागत नाही.